आधी शिफ्टचं बघ, मग कॉलेजचं ठरव

प्रश्न थोडक्यात असा: मी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. गाव लातूर जिल्ह्यात, पुण्यात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन) राहतो. सकाळी साडेसात ते बारा कॉलेज, दुपारी दोन ते रात्री अकरा मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात काम. पगार 15,000, त्यातले 3,000 घरी पाठवतो. आठवड्याच्या सुट्टीचा नेम नाही, स्टॉक आला की सुटायला रात्रीचे बारा वाजतात. रात्री एकपर्यंत झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही, अकाउंटन्सी आणि स्टॅटिस्टिक्स राहिले आहेत. हल्ली बसमध्ये उगाच छातीत धडधडतं. माझं मनच कमकुवत आहे का? नोकरी सोडू की कॉलेज?

मन कमकुवत नाही. आणि नोकरी की कॉलेज, हे आज ठरवू नकोस. रोज पाच तास झोपून काढलेल्या दिवसांत माणसाला दोनच वाटा दिसतात, सगळं सोडायचं किंवा सगळं ओढायचं. मधल्या वाटा तीन-चार आठवडे नीट झोप झाल्यावर दिसायला लागतात. म्हणून आधी तासांचा हिशेब करू.

आठवड्याचे तास 168. तुझं कॉलेज सहा दिवस साडेचार तास, म्हणजे 27. दुकान सहा दिवस नऊ तास, म्हणजे 54. खोली ते कॉलेज, कॉलेज ते मॉल, मॉल ते खोली असा प्रवास रोज दोन तास धरला तर 12. झाले 93. उरले 75. रोज सात तास झोप घ्यायची तर त्यातले 49 गेले, राहिले 26. आंघोळ, जेवण, कपडे, मेसपर्यंत जाणं-येणं याला रोज अडीच तास लागतातच, म्हणजे साडेसतरा. हातात उरतात आठवड्याचे साडेआठ तास. त्यात दोन राहिलेले विषय, चालू सेमिस्टरचे विषय, सबमिशन, घरी फोन, आजारपण आणि जरा बसून राहणं, सगळं बसवायचं. एक दिवस ताप आला की हे गणित कोसळतं, आणि कोसळल्यावर त्याची भरपाई झोपेतून होते. तू आत्ता तेच करतो आहेस. पावणेबाराला खोलीवर, एकला डोळा लागतो, सव्वासहाला गजर. म्हणजे सव्वापाच तास. रोज पावणेदोन तास कमी, सहा रात्रींत साडेदहा तासांची उधारी. हा ताण तुझ्या स्वभावातून आलेला नाही, वेळापत्रकातून आला आहे.

ही उधारी सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोपून फिटत नाही. उलट शरीराचं घड्याळ आणखी उशिराकडे सरकतं आणि पुढच्या सकाळचा गजर मध्यरात्री वाजल्यासारखा वाटतो. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ तसंही उशिराकडे झुकलेलं असतं, त्यामुळे साडेसातचं लेक्चर तुला मोठ्या माणसापेक्षा जास्त जड जातं. तो आळस नाही. पहाटेची झोप कापली गेली की आदल्या दिवशी शिकलेलं पक्कं बसत नाही. एकच गणित तीनदा सोडवूनही परीक्षेत सुचत नाही, याचं मोठं कारण हे. छातीतल्या धडधडीलाही तेच खतपाणी: कमी झोप, रिकामं पोट आणि संध्याकाळचा तिसरा-चौथा चहा.

धडधडीचं आधी निस्तरून घे. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं यातलं काहीही असेल तर समुपदेशकाची वाट बघू नकोस, सरळ दवाखाना. तसं नसलं तरी एकदा डॉक्टरांना दाखव आणि रक्ताच्या तपासण्यांविषयी विचार: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12. मेसचं अर्धं जेवण आणि वडापाववर दिवस काढणाऱ्या मुला-मुलींत रक्त कमी निघणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि अशक्तपणाची धडधड ही काळजीच्या धडधडीसारखीच वाटते. बसमध्ये सुरू झालीच तर चार मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं पाच मिनिटं कर. बाहेर सोडायचा श्वास लांबला की ठोके हळूहळू खाली येतात. खोल श्वास घेण्याच्या नादात भराभर घेतलास तर हातापायांना मुंग्या येतात आणि घाबरणं वाढतं, म्हणून सगळं लक्ष सोडण्यावर ठेव.

आता शिफ्ट. काम करून शिकणाऱ्यांना तास किती हे जितकं जड जातं, त्याहून जास्त जड जातं तासांचा नेम नसणं. रात्री अकरा चाळीसला व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडतो, "उद्या तुझा ऑफ, रविवारी ये." तो ऑफ अभ्यासाला लागत नाही, कारण त्या दिवसासाठी काहीच ठरवलेलं नसतं, मित्र मोकळे नसतात, अभ्यासिकेची जागा धरलेली नसते. आणि ज्या रविवारी अकाउंटन्सी करायची ठरवली होती तो गेला. कॉल सेंटरच्या रोटेशनल शिफ्टचं असंच होतं. एक आठवडा संध्याकाळ, एक आठवडा रात्र, म्हणजे झोप कधीच बसत नाही. तासाला पन्नास रुपये जास्त मिळत असले तरी शिकत असताना फिरती शिफ्ट घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. डिलिव्हरीचं काम वरून मोकळं दिसतं, पण खरा पैसा रात्री सात ते अकरात आणि पावसात असतो. इन्सेंटिव्हचा आकडा गाठायला अजून दोन ऑर्डर, अजून दोन, करत एक वाजतो. झोप न झालेल्या माणसाने दुचाकी चालवणं हा वेगळाच धोका आहे. सलग 17-18 तास जागं राहिल्यावर हातापायांची चपळाई थोडी दारू प्यायल्यावर होते तशी होते. हिरवा सिग्नल कधी लागला हे आठवत नसेल तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. नुसता वारा घेऊन भागत नाही.

म्हणून मॅनेजरकडे पहिली मागणी तास कमी करण्याची करू नकोस. पहिली मागणी सुट्टीचा वार पक्का करण्याची. ती मान्य होणं सोपं असतं, कारण त्यात त्याचं काही जात नाही. वार शनिवार-रविवार मागू नकोस, मिळणार नाही. कॉलेजचं वेळापत्रक समोर ठेव, ज्या वारी लेक्चर सगळ्यात कमी तो वार माग. ते झालं की महिन्याभराने दुसरी मागणी: शिफ्ट चार ते नऊ. मॉलमध्ये सोमवार ते गुरुवार दुपारी दोन ते पाच गिऱ्हाईक कमी असतं, त्या तासांचा पगार दुकानालाही जड असतो, त्यामुळे ही मागणी वेडगळ नाही. बोलताना ताण, झोप, डिप्रेशन यावर सुरुवात करू नकोस. असं सांग: "सर, सोमवार ते गुरुवार मी चार ते नऊ येतो, शनिवार-रविवार पूर्ण वेळ. गर्दीच्या एकाही वेळेला खाडा होणार नाही. परीक्षेच्या तारखा या, पंधरा दिवस आधी कामाची अदलाबदल मी स्वतः जुळवून देतो." दिवाळीच्या किंवा एंड ऑफ सीझन सेलच्या तोंडावर हा विषय काढायचा नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत लिहून पाठवायचं. तोंडी ठरलेलं मॅनेजर बदलला की पुसलं जातं.

नेमाप्रमाणे तुझ्या वाट्याला काय येतं तेही माहीत असू दे. जेवणाची एक तासाची सुट्टी वगळली तर तुझी नोकरी आठवड्याला 48 तासांची, म्हणजे पूर्ण वेळची आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आणि आठवड्यातून एक सुट्टी सांगितली आहे. स्टॉक उतरवताना जे बारा वाजतात ते जादा काम आहे. यावर भांड असं म्हणत नाही, पण ते तास तारीख घालून वहीत लिहून ठेव. सुट्टीचा वार मागताना ती वही उपयोगी पडते.

चार दिवस पाच तास आणि शनिवार-रविवार नऊ-नऊ तास, शुक्रवारी सुट्टी, असं जमलं तर आठवड्याचे 38 होतात. 54 वरून 16 तास मोकळे. माझ्या मते शिकताना 20 ते 24 तासांपर्यंतचं काम झेपतं, 30 च्या पुढे काहीतरी सुटतंच. पण पैशाची बाजू न बघता तुला 24 वर ये म्हणणं बरोबर होणार नाही, म्हणून आधी 38, मग पुढचं.

38 तासांना पगार त्याच दराने साधारण 10,500 होतो. तुझा खर्च बहुतेक असा असेल: कॉट 3,500, मेस 3,200, बस आणि मोबाइल 1,500, वह्या-झेरॉक्स-औषधं-साबण 1,000, घरी 3,000. बेरीज 12,200. तुझे आकडे घालून हेच गणित वहीत मांड. तूट 1,700 ची. डोक्यात ती "पैसे पुरणार नाहीत" एवढी मोठी असते, कागदावर 1,700 असते, आणि 1,700 वर उपाय शोधता येतो. मेसवाल्याशी खाड्यांचं बोल. महिन्याला पाच-सहा वेळचं जेवण तू खातच नसशील, त्याचे पैसे बऱ्याच मेस वळते करतात, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं.

मोठा आधार शिष्यवृत्तीचा, आणि इथे मुलं निष्कारण मागे राहतात. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, त्यातून शिक्षण शुल्काचा भार हलका होतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात तिची रक्कम वर्षाला 60,000 आहे, म्हणजे महिन्याला 5,000 पडतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. गुणांच्या आणि उत्पन्नाच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घे. शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर असतात. अडकतात ते तीन ठिकाणी: उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो, बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो आणि कोणी विचारत नाही. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर दर पंधरा दिवसांनी जाऊन अर्ज कुठे आहे ते विचारायचं. मात्र हे पैसे उशिरा आणि हप्त्याने येतात. खात्यात जमा होईपर्यंत त्यांच्या भरवशावर नोकरीचे तास कमी करू नकोस.

कॉलेजातच काम मिळतं का तेही बघ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत कमवा व शिका योजना चालते, विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे नाव नोंदवायचं. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसातली नोंद, बागेतलं काम, तासावर मानधन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे हीच वाट घालून दिली होती, 1947 साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुलं श्रम करून शिकत होती. मॉलच्या पगाराची जागा हे मानधन भरत नाही, पण प्रवासाचा एकही तास त्यात जात नाही आणि वेळ लेक्चर बघूनच दिली जाते. 1,700 ची तूट भरायला ते बरं.

आता हजेरी, कारण खरं नुकसान तिथून सुरू होतं. 75 टक्के ही अट विषयवार मोजली जात असेल तर एकूण हजेरी बघून फसायला होतं. एका विषयाची सेमिस्टरला 60 लेक्चर धरली तर 15 बुडवता येतात. साडेसातचं पहिलं लेक्चर आठवड्यातून तीन दिवस एकाच विषयाचं असेल आणि तू आठला पोचत असशील, तर ते 15 पाचच आठवड्यांत संपतात. म्हणून आज वेळापत्रक काढ आणि पहिल्या लेक्चरला कोणते विषय आहेत त्यांवर खूण कर. त्या विषयाच्या शिक्षकांना डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी पडलेल्यांची यादी) लागायच्या आधी भेट. आयकार्ड, दुकानातून मिळालेलं कामाच्या वेळेचं पत्र आणि आतापर्यंतची हजेरी घेऊन जा. लिस्ट लागल्यावर रांगेत पन्नास मुलं असतात, तेव्हा तुझं खरं कारणही त्या गर्दीत सबब वाटतं.

राहिलेल्या दोन विषयांपैकी अकाउंटन्सी रात्री करू नकोस. आकडेमोडीच्या विषयाला ताजं डोकं लागतं. पक्क्या सुट्टीच्या दिवशी कॉलेज सुटल्यावर दुपारी एक ते चार, अभ्यासिकेत, मोबाइल बॅगेत. एका बैठकीत एकाच प्रकारची पाच गणितं, उत्तर न बघता. दर आठवड्याला तीन तास म्हणजे दहा आठवड्यांत तीस. एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला, एक विषय काढायला ते बरेच आहेत. स्टॅटिस्टिक्स कॉलेज सुटल्यावर तिथेच, साडेबारा ते दोन, आठवड्यातून तीन दिवस. हे चार ते नऊची शिफ्ट झाल्यावरच जमेल. थिअरी बसमध्ये चालते. स्वतःच्या आवाजात मुद्दे रेकॉर्ड करून ऐकलेस तर खिडकीजवळ उभं राहूनही उजळणी होते. बसमध्ये पुस्तक उघडून अकाउंटन्सी करायचा प्रयत्न मात्र सोड. त्यातून फक्त "आज काहीच झालं नाही" ही भावना मिळते.

झोपेसाठी तू म्हणशील, अकराला सुटून लवकर झोपू कसा? नऊ तास उभं राहून, दिव्यांच्या झगमगाटात, गिऱ्हाइकांशी बोलून आलेलं शरीर लगेच शांत होत नाही, हे खरं आहे. शेवटचा चहा संध्याकाळी पाचला. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असतो, म्हणजे नऊच्या चहातला निम्मा रात्री दोनला जागा आहे. मुख्य जेवण ब्रेकमध्ये सात-साडेसातला, खोलीवर फक्त दूध किंवा केळं. आल्यावर पाय कोमट पाण्याने धुऊन दहा मिनिटं भिंतीला वर टेकवून पड, पोटऱ्यांचा ठणका उतरतो. फोन चार्जिंगला लावायचा तो खाटेपासून चार हातांवर, म्हणजे पडल्या पडल्या रील्स चालू होत नाहीत आणि सकाळी गजर बंद करायला उठावं लागतं. खोलीतले बाकीचे दिवा लावून बसत असतील तर डोळ्यांवर सुती कपडा बांध, आणि बारानंतरच्या दिव्याचं त्यांच्याशी एकदा शांतपणे बोल. सुट्टीच्या दिवशीही रोजच्यापेक्षा दीड तासाहून जास्त उशिरा उठायचं नाही, कमी पडली तर दुपारी झोप. रोज दुपारी कामावर जाण्याआधीची डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची ठेव. पाऊण तास झोपलास तर उठल्यावर डोकं जड होतं.

मुलींच्या बाबतीत यात दोन गोष्टींची भर पडते. रात्री अकराला सुटल्यावर परत कसं जायचं ही काळजी संध्याकाळी आठपासूनच डोक्यात सुरू होते, आणि घरी राहणाऱ्या मुलीला आल्यावर भांडी नाहीतर सकाळचा डबा वाट बघत असतो. हिशेब मांडताना तेही तास मोजायचे. घरातलं काम म्हणून ते शून्य धरलं की गणित खोटं पडतं आणि दोष तिच्या अंगावर येतो.

घरी काय सांगतोस? बहुतेक "सगळं बरं आहे." फोनवर वडिलांना धडधडीचं सांगणं अवघड असेल तर आकडे सांग. "बाबा, दोन विषय राहिलेत. चार महिने मी दोन हजार पाठवतो, तीन नाही, म्हणजे विषय निघतील." किती दिवस आणि किती कमी हे ठरवून सांगितलं की घरचे त्यांचं नियोजन करू शकतात. न सांगता एका महिन्यात पैसे बंद झाले तर त्यांना भलतंच वाटतं.

हे सगळं करूनही घराला पूर्ण पगार लागतच असेल, तर कॉलेजचा प्रकार बदलता येतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, नोकरी करत शिकणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. नव्या पद्धतीत पास झालेल्या विषयांचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात, त्यामुळे खंड पडला तरी झालेलं वाया जात नाही. पण नुसतं जाणं बंद करू नकोस. डिजिलॉकरमधून आपला एबीसी आयडी काढ, झालेल्या सेमिस्टरचे क्रेडिट त्यात दिसतात का बघ, परत प्रवेश कसा मिळेल ते कॉलेज ऑफिसातून लेखी घे, मगच थांब.

आणि एक गोष्ट यातल्या कुठल्याही हिशेबाच्या आधी. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असेल, सुट्टीच्या रात्रीही झोप येत नसेल, जागं राहायला किंवा झोपायला तंबाखू-दारू लागत असेल, किंवा "मी नसलो तर बरं" असं एकदाही वाटून गेलं असेल, तर वेळापत्रकाची दुरुस्ती पुरणार नाही. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन लावून काय बोलायचं सुचलं नाही तर एवढंच म्हण, "मी कॉलेज करतो, काम करतो, आणि मला आता जमत नाहीये." पुढचे प्रश्न ते विचारतात. खोलीतल्या एका मित्रालाही त्याच रात्री सांग, एकटा झोपू नकोस. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, दुकानात "तब्येत बरी नाही" एवढंच कळव, ते खरंच आहे.

यातलं काही नसेल तर या आठवड्यात तीनच कामं: डॉक्टर, सुट्टीचा वार, आणि पहिल्या लेक्चरच्या विषयांवर खूण. चार ते नऊची शिफ्ट महिन्याभराने. तोवर रोज किती वाजता झोपलास आणि किती वाजता उठलास एवढं कॅलेंडरवर लिही. नोकरी की कॉलेज हे ठरवायला बसशील तेव्हा ते कॅलेंडर, खर्चाची वही आणि हजेरीचा तक्ता समोर ठेव.